आर्डिस कुबिकचं शून्य

आर्डिस कुबिकला राग आला की तिचा चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर येतो आणि ती तो वर सारत नाही. बावीस वर्षं मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसतोय, त्यामुळे मला हे ठाऊक आहे. चष्मा खाली आला की मी माझा कॉफीचा कप तिच्या हाताच्या टप्प्यातून बाजूला काढतो.

आमची जागा म्हणजे वेल्डन गावच्या वाचनालयाचं तळघर. फेब्रुवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, दर मंगळवारी आणि गुरुवारी, आम्ही गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे आणि ज्यांना हिशेबनीस परवडत नाही त्यांचे आयकराचे फॉर्म फुकट भरून देतो. आर्डिस भरते, मी तपासतो. तसा नियमच आहे. एकाने भरायचं, दुसऱ्याने पहिल्या ओळीपासून पुन्हा बघायचं, मगच सही घ्यायची. मी चौतीस वर्षं या गावात टपाल वाटलं, म्हणून माझी नजर बारीक आहे असं आर्डिस माझ्या तोंडावर सांगते. माघारी ती असंही सांगते की डेलला बेरीज येत नाही. दोन्ही खरं आहे.

त्याआधी एकोणतीस वर्षं ती गावच्या शाळेत स्वयंपाकीण होती. कोणत्या पोराच्या घरी रात्रीचं जेवण होतं आणि कोणाच्या नाही, हे तिला डब्यात हात घालायच्या आधी कळायचं. तशा पोराच्या ताटात दुसरा डाव न मागता पडायचा. मुख्याध्यापकांनी एकदा तिला मापाची पळी आणून दिली, सगळ्यांना सारखं वाढा म्हणाले. ती पळी तिने दाराला अडसर म्हणून वापरली. कराचे फॉर्म भरायला ती बसली तेव्हा मला वाटलं होतं, ही बाई नियमात कशी टिकणार. पण टिकली. एका पैशाची लबाडी तिने कधी करू दिली नाही, आणि सवलतीचा एक पैसाही कधी सोडला नाही.

आमच्याकडे दोन फॉर्म असतात, एक केंद्र सरकारचा, एक राज्याचा. राज्याच्या फॉर्मवर अकराव्या ओळीत प्रमाणित वजावट. म्हणजे पावत्या-बिवत्या न मागता सरकार उत्पन्नातला जेवढा भाग सोडून देतं तो. त्या ओळीला लागून दोन चौकोन होते. एक, तुमचं वय पासष्टच्या वर आहे का. दुसरा, तुम्ही आंधळे आहात का. एकेका खुणेमागे वजावट थोडी वाढायची.

त्या दुसऱ्या चौकोनाशी ऑर्व्हिल टेगचं भांडण होतं.

ऑर्व्हिलने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. आर्डिस आत जेवण करायची आणि हा बाहेर पोरं उतरवायचा. प्रत्येक पोर उतरताना हा म्हणायचा, "पायरी सांभाळ." सकाळी चाळीसदा, संध्याकाळी चाळीसदा. निवृत्त झाल्यावर नऊ-दहा वर्षांनी काचबिंदूने त्याचे डोळे गेले, आधी कडेकडेने, मग मधूनही. बायको आधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. एल्म स्ट्रीटवरच्या घरात तो एकटा राहायचा आणि व्यवस्थित राहायचा. बाहेर आठ पायऱ्या. चुलीपासून पलंगापर्यंत अकरा पावलं. वाटाण्याचे डबे डावीकडे, सुपाचे उजवीकडे. त्या घरात ऑर्व्हिल आंधळा नव्हता, असं म्हटलं तरी चालेल.

पण चौकोनात खूण करायची म्हटली की तो खुर्ची मागे सरकवायचा.

"मला अंधुक दिसतं. आंधळा कशाला लिहितेस?"

"परवा तू वाचनालयातल्या पुतळ्याला गुड मॉर्निंग केलंस, ऑर्व्हिल."

"सभ्य माणूस सगळ्यांना करतो."

एकदा आर्डिस फार मागे लागली तेव्हा त्याने खरं कारण सांगितलं. आवाज बारीक करून सांगितलं, मी शेजारीच होतो. "एकदा कागदावर आंधळा लिहिलं की लोक विचारणार, कधीपासून? गावातली निम्मी माणसं माझ्या बसमधून वाढली आहेत. याने आम्हाला चाचपडत नेलं की काय, असं कोणाच्या मनात यायला नको."

आर्डिसने चौकोन रिकामाच सोडला. पण पुढच्याच वर्षी अडचण उभी राहिली. आमच्या जिल्ह्यात असा कायदा आहे की पासष्टच्या वरच्या माणसाचा राज्याचा आयकर शून्य निघाला, तर त्याची घरपट्टी आहे तिथेच गोठवतात. तळ्याकाठी शहरवाल्यांनी घरं घ्यायला सुरुवात केल्यापासून आमच्या घरपट्ट्या आभाळाला भिडल्या होत्या. ऑर्व्हिलची जुन्या आकड्यावर थांबलेली होती, म्हणून तो त्या घरात होता. त्या वर्षी शाळेचं निवृत्तिवेतन थोडं वाढलं आणि शून्य हातचं जायला लागलं. मग आर्डिसने त्याला स्वतःच्या गाडीत घालून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, दाखला घेतला, त्याचं बोट धरून त्या चौकोनावर ठेवलं आणि म्हणाली, "घर हवंय ना? मग कर खूण."

त्याने केली. फॉर्मवर शून्य आलं. चार वर्षं येत राहिलं.

आता जे सांगायचंय ते सांगताना माझाही पारा चढतो, पण सांगतो. यात आर्डिसचाही हात होता.

राज्याचा फॉर्म दरवर्षी वाढत चालला होता. म्हातारे तो बघून घाबरायचे आणि सवलत नको पण कागद आवर म्हणायचे. राजधानीत प्रमाणित वजावट वाढवायच्या कायद्यावर सुनावणी लागली, तेव्हा आर्डिस बर्फातून दीडशे मैल गाडी हाकत गेली. प्रत्येकाला तीन मिनिटं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या लोकांना एवढ्या ओळी कशाला? एक मोठा आकडा द्या आणि मोकळं करा त्यांना." टाळ्या पडल्या. परत आल्यावर तिने तळघरात लिंबाच्या वड्या वाटल्या. एवढी खूश मी तिला त्याआधी पाहिली नव्हती.

कायदा झाला. पुढच्या जानेवारीत गुळगुळीत कागदाचं एक पत्रक आलं. सगळ्यांची वजावट वाढली. फॉर्म इतका सोपा की पोस्टकार्डावर मावेल. पत्रकाच्या तळाशी आर्डिसचा फोटो आणि तिचं वाक्य, नावासकट. बिचारीने ते कॉफीच्या यंत्रावर चिकटवलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या गुरुवारी ऑर्व्हिल आला, बूट आपटून बर्फ झाडत. आर्डिसने आकडे भरले. अकरावी ओळ आली. ती थांबली. पान उलटं करून बघितलं, पुन्हा सुलटं केलं.

"डेल," ती म्हणाली, "चौकोन कुठे आहेत?"

चौकोन नव्हते. मी सूचनांची पुस्तिका काढली. चौदाव्या पानावर एक ओळ होती: फॉर्म सुलभ करण्यासाठी वय व दृष्टिहीनतेच्या अतिरिक्त वजावटी रद्द करण्यात आल्या आहेत. म्हणजे सगळ्यांचा आकडा वाढवला आणि त्यासाठी लागणारे पैसे म्हाताऱ्यांच्या नि आंधळ्यांच्या चौकोनातून काढले. नवा मोठा आकडा आधीच्या साध्या आकड्यापेक्षा मोठा होता, पण ऑर्व्हिलच्या जुन्या आकड्यात दोन खुणा मिळवल्या तर त्याच्यापेक्षा लहान होता. तिशीतल्या धडधाकट माणसाला फायदा झाला. ऑर्व्हिलला कर निघाला.

सत्तावीस डॉलर.

मी तीनदा तपासलं. पावत्या लावायचा दुसरा रस्ता बघितला, पण त्याच्या सगळ्या पावत्या मिळून वजावटीच्या निम्म्यालाही पुरेनात. शेवटी मी हळूच म्हणालो, "बँकेच्या ठेवीवरचं व्याज आहे ना, सहाशेचं... ते राहून गेलं असं समजू."

आर्डिसचा चष्मा खाली आला. "डेल, वीस वर्षं मी या टेबलावर एक खोटा आकडा लिहिला नाही. आज त्यांनी नागवलं म्हणून मी चोर होऊ? उद्या पकडलं तर कोण भरणार, तू की हा?"

ऑर्व्हिलला सगळं ऐकू आलं होतं. "म्हणजे चार वर्षं मी आंधळा होतो," तो म्हणाला, "आणि आता सरकारने मला बरं केलं."

तो हसला. आम्ही हसलो नाही. आर्डिस उठली, कॉफीच्या यंत्रावरचं पत्रक ओरबाडून काढलं आणि आपल्याच फोटोकडे बघत उभी राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चौकोन काढा असं मी म्हणाले होते का रे?"

"नाही."

"एवढ्या ओळी कशाला, असं म्हणाले होते."

"हो."

"मूर्ख बाई," ती म्हणाली. ते ती स्वतःला म्हणत होती.

मार्चमध्ये अग्निशमन केंद्रात पॅनकेकचा नाश्ता असतो. बंब बाहेर काढून टेबलं मांडतात, आख्खं गाव येतं. त्या वर्षी आमदार कर्टिस लुंडीही आला होता, आमच्याच गावचा पोरगा. आता चाळिशीचा, चांगला कोट, दात त्याहून चांगले. खिशातून पोस्टकार्डाएवढा फॉर्म काढून तो टेबलाटेबलावर दाखवत होता, आणि लोक वा वा करत होते. आर्डिस हातातली पॅनकेकवरच्या पाकाची बाटली खाली न ठेवताच त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मिसेस कुबिक!" तो म्हणाला. "आमच्या कायद्याची आई!"

"आंधळ्याचा चौकोन कुठे गेला, कर्टिस?"

त्याचं हसू जरा बाजूला झालं. "अहो, तेच तर सोपं केलं. तुमचंच वाक्य आहे ना ते."

"मी फॉर्म लहान कर म्हणाले. माणसं कमी कर नाही म्हणाले."

"मोठा विचार करा. लाखो लोकांना फायदा झाला. कुठे कुठे थोडंफार इकडचं तिकडे होणारच."

"इकडचं तिकडे!" आर्डिसचा आवाज बंबाच्या शेडमध्ये घुमला आणि चमच्यांचे आवाज थांबले. "तिसरीत असताना तू वाटाणे खायचा नाहीस. शेजारच्या पोराच्या ताटात ढकलायचास आणि मला रिकामं ताट दाखवून म्हणायचास, मिसेस कुबिक, संपवले! तेव्हा वाटलं होतं, मोठा झाला की सुधारेल."

दोन-चार जण हसले. कर्टिसचे कान लाल झाले. "नेमकं कोणाचं किती नुकसान झालंय, सांगाल का?"

"ऑर्व्हिल टेग. सत्तावीस डॉलर."

त्याचा चेहरा उजळला, आणि मी मनात म्हटलं, आता हा माती खाणार. त्याने पाकीट काढलं. वीसची एक नोट, पाचची एक, वर एकेकच्या दोन. "माझ्याकडून. ऑर्व्हिलने मला सहा वर्षं शाळेत नेलंय हो!"

ऑर्व्हिल आमच्या मागे तीन फुटांवर बसला होता. त्याने पॅनकेक चावायचा थांबवला. त्याच्यासमोर त्याला भीक घातली जात होती, आणि घालणाऱ्याला त्याच्या घरपट्टीचं ओ की ठो माहीत नव्हतं. मला वाटतं, त्या सकाळी आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी तोंडात द्यावी असं माझ्या मनात आलं. मी मूळचा भांडखोर माणूस नाही. कुत्री मागे लागली तरी मी टपालाची पिशवी पुढे धरून शांत उभा राहायचो.

आर्डिसने नोटांना हात लावला नाही. "सत्तावीस डॉलर नको," ती म्हणाली. "शून्य दे. मला शून्य हवंय. तुझ्या पाकिटात आहे का?"

मग तिने त्याला सगळं समजावलं, घरपट्टी, गोठवणं, शून्याची अट, एकेक पायरी करून, शाळेतल्या पोराला सांगावं तसं. तो ऐकत होता, असं म्हणायला हरकत नाही. शेवटी म्हणाला, "हे लक्षात आलं नव्हतं कोणाच्या. पुढच्या अधिवेशनात दुरुस्त करू. शब्द देतो."

पुढचं अधिवेशन पुढच्या वर्षी. पण जिल्ह्याचं पत्र जूनमध्येच आलं. ऑर्व्हिलने ते मला वाचायला दिलं, मी टपालवाला म्हणून. राज्याच्या आयकरात देय रक्कम दिसत असल्याने आपली सवलत संपुष्टात आली आहे. खाली नवी घरपट्टी होती. मी आकडा वाचला, तो म्हणाला पुन्हा वाच, मी पुन्हा वाचला. आर्डिसने अपील केलं, जिल्हा कचेरीत तीनदा जाऊन बसली, तिथल्या पोरीला रडवलं आणि मग तिची माफी मागून तिला वड्या नेऊन दिल्या. पोरगी म्हणाली, कुबिकबाई, मी काय करू, इथे शून्य लागतं. ते वर्ष ऑर्व्हिलने बँकेतल्या ठेवी मोडून काढलं. पुढच्या उन्हाळ्यात घर विकलं. शहरातल्या एका दंतवैद्य जोडप्याने शनिवार-रविवारसाठी घेतलं.

ऑर्व्हिल गावाबाहेरच्या वृद्धांच्या इमारतीत गेला. लांब बोळ आणि दोन्हीकडे सारखी दारं. पहिल्याच आठवड्यात तो पायमोजे घालून भलत्याच बाईच्या खोलीत शिरला, ती किंचाळली, आणि तो बोळात भिंत धरून उभा राहिला ते कोणी येईपर्यंत. आर्डिसने त्याच्या दारावर सँडपेपरचा तुकडा चिकटवला, हाताला लागावा म्हणून. व्यवस्थापकाने काढला, नियमात बसत नाही म्हणून. तिने पुन्हा चिकटवला. पाच वेळा झालं हे. अकरा पावलांत जगणारा माणूस तिथे दिवसभर खुर्चीत बसायला लागला. आम्ही त्याला भेटून बाहेर आलो की ती गाडीत बसून दार इतक्या जोरात ओढायची की काच हलायची. "एका वाक्यासाठी, डेल," म्हणायची.

दुरुस्ती झाली. खोटं कशाला बोला, कर्टिसने शब्द पाळला, एक अधिवेशन उशिराने. दोन वर्षांनी दोन्ही चौकोन फॉर्मवर परत आणायचा कायदा झाला. एप्रिलच्या शेवटी त्याने आर्डिसला फोन केला. कायद्याचं पत्रक काढतोय, ऑर्व्हिलबरोबर फोटो मिळेल का? आम्ही तेव्हा ऑर्व्हिलच्याच खोलीत होतो. आर्डिसने फोन हाताने झाकला, चष्मा नाकाच्या टोकावर आलेलाच होता, आणि तिने जे शब्द जमवले होते ते मी इथे लिहिणार नाही. ऑर्व्हिलने हात पुढे केला. "दे इकडे."

फोन कानाला लावून तो म्हणाला, "येतो की. माझ्या घरासमोर काढू. एल्म स्ट्रीट, चारशे बारा. शनिवारी दहाला."

"ऑर्व्हिल," आर्डिस म्हणाली, "त्याला माहीत नाहीये रे, तू घर विकलंस ते."

"माहीत असायला हवं होतं," ऑर्व्हिल म्हणाला. "माझा शर्ट इस्त्री करून देशील?"

शनिवारी आम्ही तिघं पावणेदहालाच पोहोचलो. ऑर्व्हिल गाडीतून उतरला आणि फुटपाथवर अशा ठिकाणी जाऊन उभा राहिला की पुढचं पाऊल पहिल्या पायरीवर पडावं. त्याला कोणी दाखवावं लागलं नाही. कर्टिस फोटोवाल्या मुलीला घेऊन आला, सगळ्यांशी हात मिळवले, ऑर्व्हिलला मिठी मारली. मग घराकडे बघून म्हणाला, "वा, रंग नवा दिला वाटतं! वर दारापाशी काढूया, छान येईल."

"पायरी सांभाळ," ऑर्व्हिल म्हणाला. "आठ आहेत."

कर्टिसला ते ऐकून गहिवरून आलं, मी बघितलं. सहा वर्षं ऐकलेलं वाक्य होतं ते. तो पायऱ्या चढला, वर जाऊन वळला. ऑर्व्हिल खालीच होता. इतक्यात कर्टिसच्या मागे दार उघडलं आणि हातात कॉफीचा मग घेतलेली एक अनोळखी बाई बाहेर आली. तिने कर्टिसकडे बघितलं, फोटोवालीकडे बघितलं.

"काय हवंय आपल्याला?"

"आम्ही ऑर्व्हिलबरोबर..." कर्टिस म्हणाला. "हे ऑर्व्हिल टेगचं घर ना?"

"आम्ही गेल्या उन्हाळ्यात घेतलं," बाई म्हणाली. ती काही वाईट नव्हती बिचारी.

कर्टिस आठव्या पायरीवर उभा होता. त्याने खाली आर्डिसकडे बघितलं. बावीस वर्षांत जे ओरडणं मी ऐकलंय ते सगळं आता बाहेर पडेल असं मला वाटलं. पण ती ओरडली नाही. "सत्तावीस डॉलरला गेलं," एवढंच म्हणाली.

"मला... मला कोणी सांगितलं नाही," कर्टिस म्हणाला. "मिसेस कुबिक, देवाशपथ. आपण दुसरीकडे काढू फोटो. वाचनालयात काढू."

"इथेच काढ ना," ऑर्व्हिल म्हणाला. त्याने शर्टाची कॉलर नीट केली. "मी कुठे बघू, तेवढं सांगा."

फोटोवाली पोरगी कॅमेरा खाली धरून उभी होती. मग आर्डिस पुढे झाली, ऑर्व्हिलची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड वर, कर्टिस उभा होता त्या दाराकडे वळवलं.